डोळे उघडलेला केक

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. धाटावच्या कंपनीत आयुष्यभर शिफ्टचं लॉगबुक लिहिलं, रिटायर झालो म्हणून हाताला गंज चढू द्यायचा नाही. ही वही फक्त माझ्यासाठी. कोणी वाचलीच तरी बायकोने, चंद्रावतीने, वाचू नये.

मोठा निर्णय. नात साजिरीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक मी स्वतः करणार. २२ फेब्रुवारी, रविवार, रोह्याला व्याह्यांच्या घरी. काल तिकडे जेवायला होतो, तिथेच जाहीर केलं. आमची लेक मृणाली लगेच म्हणाली, बाबा, इथल्या दुकानात ऑर्डर देऊ, तुम्ही कशाला त्रास घेता. दोनदा म्हणाली. विहीणबाई, म्हणजे बायजाबाई, माझ्या पानात भात वाढता वाढता म्हणाल्या, जमंल का वो तुम्हाला? येवढी मानसं येनार हायत. मी म्हटलं, बायजाबाई, मी रिअ‍ॅक्टर चालवलेत, केक म्हणजे छोटी बॅच. तेवढ्यात व्याही महिपतरावांनी फोन काढून घरच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा दिलं, 'केक: आजोबांच्या हातचा'. खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले. आता माघार नाही.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. साजिरी माझ्याकडे येत नाही. सगळ्यांकडे जाते. दूधवाल्याकडे जाते. मी हात पुढे केले की आधी ओठ काढते, मग भोकाड पसरते. चंद्रावतीचं म्हणणं, मिशीला घाबरते. मिशी काढली. आता बिनमिशीच्या माणसाला घाबरते. काल जेवण होईपर्यंत मी समोर बसू नये म्हणून मला ओटीवर पान मांडलं. वाईट वाटलं.

तर केक. पहिला गोड घास माझ्या हातून पोटात गेला की पोर माझी. याबद्दल मला शंका नाही.

७ जानेवारी, बुधवार

ओटीजी आला. म्हणजे घरातली विजेवरची भट्टी. स्वयंपाकघरात ठेवायला जागा नव्हती, चंद्रावतीचे पापडाचे डबे हलवले. संध्याकाळपर्यंत डबे परत जागेवर आले आणि ओटीजी वॉशिंग मशीनवर गेला.

प्लॅन: थेट केकला हात घालायचा नाही. ट्रेनिंगशिवाय माणूस प्लांटवर सोडत नाहीत. आधी आशिया, मग युरोप, मग केक. मोबाइलवर सगळ्या देशांचे व्हिडिओ आहेत. माणसं फार सोप्या गोष्टी फार हसत हसत करतात.

नियम: दर दहा मिनिटांनी रीडिंग घ्यायचं. रंग, उंची, वास. लिहून ठेवायचं. जो रीडिंग घेत नाही त्याची बॅच देवाच्या हवाली.

९ जानेवारी, शुक्रवार

मोची. जपान. तांदळाचं पीठ, साखर, पाणी, वाफ. भट्टी लागत नाही, पण सुरुवात सोप्यापासून करावी. चंद्रावती पातेल्यात डोकावून म्हणाली, उकड काढलीत का? तिला समजावलं की ही उकड नव्हे. तिने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, मग मीठ का नाही घातलं.

व्हिडिओत मोची रबरासारखी ताणते. आपली तुटते. आपल्याकडचा तांदूळ स्वाभिमानी असावा. संध्याकाळी तिने त्यात खोबरं-गूळ भरून मोदक केले. उत्तम झाले.

नोंद: मोची यशस्वी. फक्त चव मोदकाची आली.

१३ जानेवारी, मंगळवार

बाओ. चिनी पाव, वाफेवरचा. यीस्ट फुगलं नाही म्हणून गोळे गच्चीवर उन्हात ठेवले. शेजारीच पापड वाळत होते. एका कावळ्याने बाओ उचलला, समोरच्या पत्र्यावर नेला आणि टाकून दिला. आवाज आला.

शेजारच्या काशीबाई गच्चीवरून विचारत होत्या, कोन दगड मारतंय गो?

आशिया संपला.

१९ जानेवारी, सोमवार

युरोपला सुरुवात. क्रोसाँ. फ्रान्स. पिठात लोणी घालून घडी, लाटणं, परत घडी. चंद्रावतीने येताजाता विचारलं, चिरोटे करताय का? मी म्हटलं, हे तळत नाहीत, भाजतात. ती म्हणाली, मग तुपाचा नास.

ट्रे आत ठेवल्यावर सगळं लोणी बाहेर आलं आणि खाली जळलं. धूर. वॉशिंग मशीनमध्ये तिच्या साड्या होत्या, त्यांना अजून वास आहे.

रूट कॉज: हवामान. फ्रान्समध्ये लोणी घडीत बसतं, रायगड जिल्ह्यात बसत नाही. यात माझा दोष नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

फोकाचा. इटली. जाड पसरट पाव, वरून तेल आणि बोटांनी पाडलेले खळगे. खळगे फार सुबक आले. काशीबाईंना अर्धा दिला. त्यांनी दोन्ही हातांनी तोडायचा प्रयत्न केला, मग आदराने परत दिला. म्हणाल्या, भाऊ, पाव नाय वो ह्यो, पाट हाय. बसाया घ्या.

काशीबाईंशी गोडीनेच वागावं लागतं. त्या बायजाबाईंच्या माहेरच्या, दोघी कासूच्या. मृणालीचं स्थळ त्यांनीच आणलं. इथे पेणला शिंक आली की रोह्याला 'शतायुषी भव' म्हणतात.

निर्धार: (१) यापुढे पदार्थ पूर्ण थंड झाल्याशिवाय काशीबाईंना दाखवायचा नाही. (२) चिडायचं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेनिंग पूर्ण. आजपासून केक. अंडं चालणार नाही, बायजाबाईंच्या गळ्यात माळ आहे. दही घालून करायचा. चॅलेंज अजून मोठं.

चांगला फुगत होता. रीडिंग घेताना स्वतः पाहिलं. तिसऱ्या रीडिंगला मधोमध जरा बसल्यासारखा वाटला. चौथ्याला खड्डा. पाचव्याला बशी.

चंद्रावती म्हणाली, दार सारखं उघडू नका हो. मी मोदकांचं पातेलं मध्ये उघडते का? हिला कसं सांगावं. मोदक घरगुती आहेत, ही प्रोसेस आहे. रीडिंगशिवाय आत काय चाललंय कळणार कसं? काचेतून दिसतं म्हणाली. काचेतून वास येतो का, असं विचारलं. पापड लाटायला निघून गेली. मुद्दा पटला असावा.

रूट कॉज: बेकिंग पावडर जुनी.

८ फेब्रुवारी, रविवार

बेकिंग पावडर नवी आणली. खड्डा तसाच. रीडिंग आता दर पाच मिनिटांनी घेतो. देखरेख वाढवली की दर्जा सुधारतो.

मृणालीचा व्हिडिओ कॉल आला. साजिरी उभी राहते म्हणे, हाताला धरून दोन पावलंही टाकते. मी फोन हातात घेतला. साजिरीने पाहिलं, ओठ काढले. मी फोन चंद्रावतीकडे दिला. लगेच हसली.

मृणालीने हळूच विचारलं, बाबा, दुकानात सांगून ठेवू का, नुसतं सांगून? मी म्हटलं, अपमान करू नकोस. ती म्हणाली, तसं नाही हो, सासूबाई रोज विचारतात, मला उत्तर द्यावं लागतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ गच्चीवर पापड राखत बसलो. लेकीची मान तिच्या सासरी खाली जाता कामा नये. केक झालाच पाहिजे.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

उपास. तरी एक केक केला. खड्डा. खाता येत नव्हता म्हणून नुसता बघत बसलो. खड्ड्याचीही कमाल आहे. दर वेळी बरोबर मधोमध, कडा सारख्या. एवढी सातत्याची बॅच कंपनीत आली असती तर बक्षीस मिळालं असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोन टिनांत केले. दोन्हींत खड्डा. थंड व्हायच्या आत काशीबाई आल्या. निर्धार क्रमांक एक पाळता आला नाही, कारण त्या मागच्या दाराने आल्या.

त्यांनी विचारलं, ह्यो मधी बसलेला कोनी केला? रविवारी त्या आमच्याबरोबर रोह्याला येणार. आजच बायजाबाईंना फोन लावणार. मला सुचलं ते बोललो. म्हटलं, हिने केलाय. हिचा आपला हौशीचा. माझा मोठा केक वेगळा आहे, तो शनिवारी होणार.

चंद्रावती दारातच उभी होती, हातात पापडाचं पीठ. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पीठ तिंबायला आत गेली. संसारात असं सांभाळून घ्यावं लागतं, तिला कळतं.

काशीबाईंनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग राहिलेला टिन घरी नेला. भूक लागली असावी.

उरलेला एक मी टाकून द्यायला सांगितलं. रिजेक्ट माल घरात ठेवू नये.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.४०

लाईट गेली. तारांवरच्या फांद्या तोडायच्या आहेत म्हणे. संध्याकाळपर्यंत येणार नाही. केकचं मिश्रण तयार आहे, तीन टिन भरून. उद्या वाढदिवस.

घाबरलेलो नाही. फक्त मेन स्विच चारदा वरखाली करून पाहिला.

दुपारी १.३०

संकटात खरा शिफ्ट इन-चार्ज कळतो. चंद्रावती म्हणाली, दिवाळीला आपण नानकटाईचे ट्रे बेकरीत भाजायला नेतो, तसे हे टिन न्या. मी तेच म्हणणार होतो.

बाजारातल्या बेकरीवाल्या मामूंनी लाकडाच्या भट्टीत टिन सरकवले. दहा मिनिटांनी मी म्हटलं, झाकण उघडा, रीडिंग घेतो. मामू म्हणाले, साहेब, बाकड्यावर बसा, चहा प्या. परत गेलो. परत बाकड्यावर बसवलं. तिसऱ्यांदा उठलो तर म्हणाले, भट्टीला तोंड एकच आहे, ते मला बघू द्या. अडाणी कारभार, पण दुसऱ्याच्या प्लांटवर आपण काय बोलणार.

केक बाहेर आले. फुगलेले. मधोमध उंच. एकालाही खड्डा नाही.

माझी रेसिपी पहिल्यापासून बरोबर होती, हे सिद्ध झालं. मामूंनी फक्त उष्णता पुरवली.

संध्याकाळी ६

तिन्ही केक घेऊन मेहुण्याच्या, हरेशच्या, गणपतीच्या कारखान्यात गेलो. सजावटीची कल्पना माझी. पेणचे आजोबा, पेणचा केक, मग केक कसला असणार? गणपतीचा. उभाच्या उभा, बसलेला, वरून साखरेचा पांढरा लाटलेला थर. तो थर शाडूपेक्षा सोपा आहे, असं हरेशलाच पहिल्या पाच मिनिटांत वाटलं.

हरेश म्हणाला, दाजी, मोदक करतो ना मोठा, सुरेख. कापायलापण बरा. मी म्हटलं, मोदक काय, कोणीही करील. तो म्हणाला, बरं, उंदीर? मी म्हटलं, लेकीच्या सासरी उंदीर घेऊन जाऊ? मग तो कामाला लागला. मध्येच थांबून विचारलं, पन दाजी, कापनार कुठून? मी म्हटलं, पोटापासून सुरुवात करू. तो माझ्याकडे बघत राहिला. कलाकार माणसं जरा मंद असतात.

झालं असं की मूर्ती अशी झाली, अशी झाली, की मला गहिवरून आलं. सोंड डावीकडे, कानाला खाऊच्या गुलाबी रंगाची छटा, पितांबर पिवळं. फक्त डोळे नव्हते. हरेश म्हणाला, डोळं ऱ्हाऊ दे तसंच. मी म्हटलं, वेडा का, आखणीशिवाय पेणचा गणपती? डोळे काढल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. तो म्हणाला, आखनी झाली की तो बघायला लागतो दाजी. मी म्हटलं, बघू दे ना.

त्याने कोरा ब्रश घेतला, श्वास धरला, डोळे आखले. मग ब्रश खाली ठेवून हात जोडले. कारखान्यातल्या सगळ्या माणसांनी हात जोडले. माझ्या केकला. एवढी दाद मला कंपनीने निरोप समारंभातही दिली नव्हती.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०. वडखळ नाका, टेम्पोत

हरेशच्या टेम्पोने निघालो. तो नेहमी मूर्ती नेतो तसा पेंढा लावून केक मध्ये बसवलाय, मी मागे धरून. पुढे हरेश, चंद्रावती, काशीबाई. चंद्रावतीच्या पायाशी स्टीलचा डबा. काय आहे विचारलं तर म्हणाली, वाटेत कोणाला भूक लागली तर.

नाक्यावर ट्रॅफिक. दोन रिक्षावाले केकला बघून पाया पडले. एका आजीने चप्पल काढली. वडापाववाल्याने जास्वंदीचं फूल आणून वाहिलं. फूल केकवर राहू दिलं, रंग मॅच होतोय. लोकांना दर्जा कळतो.

दुपारी १२.४५. रोहा, व्याह्यांची मागची पडवी

केक कापणार नाहीत.

विचार करायला इथे येऊन बसलोय. आत आरतीची तयारी चालू आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८. पेण

शांतपणे, क्रमाने लिहितो.

केक टेबलावर ठेवला. मंडळी श्वास रोखून बघत राहिली. मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती मला म्हणाली, बाबा, तुम्ही? मी फक्त मान हलवली. हरेश दाराशी चपला काढत होता, त्याने ऐकलं की नाही माहीत नाही. मला तो क्षण जन्मभर पुरला असता. तिथेच थांबायला हवं होतं.

मी साजिरीच्या हाताशी सुरी दिली. बायजाबाई आतून औक्षणाचं ताम्हण घेऊन आल्या आणि जागेवर थबकल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला. म्हणाल्या, अगो बाय माझे. ह्यो तं डोळं उघडून बसलाय. मी म्हटलं, व्हॅनिला आहे, बिनअंड्याचा आहे, अगदी निर्धास्त. त्या म्हणाल्या, पोरीच्या हातून देवावर सुरी चालवू व्हय? पैल्या वाढदिवसाला?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गणपतीकडे बघितलं. तो सगळ्यांकडे बघत होता. हरेशने आखणी खरंच चांगली केली होती.

जावईबापू म्हणाले, मागच्या बाजूने कापला तर? त्यांच्याकडे त्यांच्या आईने असं पाहिलं की ते खुर्च्या मांडायला निघून गेले. महिपतरावांनी शांतपणे पाट आणला, पाटावर तांदूळ टाकले आणि माझा केक टेबलावरून उचलून पाटावर बसवला. दूर्वा आल्या. आरती झाली. मला यजमान म्हणून पुढे उभं केलं, हातात तबक दिलं. माझ्याच केकला मी ओवाळत होतो. पोरांची तोंडं रडवेली. मृणाली खाली मान घालून टाळ्या वाजवत होती. मी ज्या मानेसाठी एवढा आटापिटा केला, ती मान.

तेव्हा मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

आरतीनंतर कोणीतरी म्हणालं, मग आता पोरीनं कापायचं काय? चंद्रावतीने स्टीलचा डबा उघडला. आत गुरुवारचा रिजेक्ट. तिने टाकला नव्हता. खड्ड्यासकट, जशाचा तसा. मी डोळे मिटून घेतले.

काशीबाई मोठ्यांदा म्हणाल्या, ह्यो आमच्या चंद्रावतीनं केलेला. मी खाल्लाय. बेस हाय. मी तोंड उघडलं. चंद्रावतीने माझ्याकडे पाहिलं. गुरुवारी पाहिलं होतं तसंच, अगदी तेवढाच वेळ. मी तोंड मिटलं.

पंखा गरगरत होता, मेणबत्ती टिकत नव्हती. बायजाबाईंनी ती खड्ड्यात उभी केली. वारा लागला नाही, शेवटपर्यंत जळली. बायका म्हणाल्या, काय डोकं चालवलंय गो, मेनबत्तीसाठी जागा ठेवलीय. मग त्याच खड्ड्यात बायजाबाईंनी बासुंदी ओतली. ती केकमध्ये मुरली. पोरांनी ताटल्या चाटल्या. मोठ्यांनीही चाटल्या. महिपतरावांनी तिसऱ्यांदा मागितला, तेव्हा फक्त कड उरली होती.

बायकांनी चंद्रावतीला रेसिपी विचारली. ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, काही नाही गो, भट्टीचं दार सारखं सारखं उघडून बघायचं, म्हणजे मस्त खड्डा पडतो. सगळ्या हसल्या. हिला प्रोसेस अजिबात कळलेली नाही, पण चारचौघांत दुरुस्त करणं बरं दिसलं नसतं.

मी कोपऱ्यात सतरंजीवर बसलो होतो. उरलेली कड बोटांत धरून, खावी की नाही विचार करत. साजिरी खुर्चीला धरून उभी होती. तोंडाला बासुंदी. तिने कडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी श्वाससुद्धा घेतला नाही. हात पुढे केले नाहीत, हसलो नाही, काही केलं नाही. तिने खुर्ची सोडली. तीन पावलं टाकली, चौथ्याला माझ्या गुडघ्यावर पडली, माझ्या हाताला धरून उभी राहिली आणि माझ्या बोटांतली कड बोटांसकट तोंडात घातली.

ओठ काढले नाहीत. मांडीवर बसली. दात नुकते आलेत, बोटाला लागतात.

मला बोलायचं होतं की हा माझा केक आहे. ऐकायला कोणी नव्हतं, सगळे चंद्रावतीभोवती होते.

पुढचं थोडक्यात. दुपारी पंख्याखाली गणपती घामेजला. चारच्या सुमाराला सोंड घसरली आणि डावीकडची उजवीकडे गेली. बायजाबाई घाबरल्या. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं कोण सांभाळणार? विसर्जन आजच्या आज. यजमान मी, म्हणून डोक्यावर मी घेतला. कुंडलिका नदीच्या घाटापर्यंत साखरेचा पाक टोपीतून कानात आणि कानातून कॉलरमध्ये उतरत होता. हरेश बाजूने चालत होता. एकच वाक्य बोलला. म्हणाला, दाजी, मोदक बरा झाला असता.

पाण्यात सोडला. मासे लगेच आले. सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी लवकर या. महिपतराव माझ्याकडे वळून म्हणाले, पुढच्या वर्षी लवकर सांगा, दुकानात ऑर्डर देऊ.

२८ फेब्रुवारी, शनिवार

रोह्याहून फोन. बायजाबाईंच्या भाचीचा साखरपुडा, ९ मार्चला. तसाच केक पाहिजे, चंद्रावतीबाईंच्या हातचा. मधी खड्डा पाडलेला. खड्डा चांगला खोल असावा, बासुंदी जास्त घालायची आहे.

चंद्रावतीने हो सांगितलं. फोन ठेवून म्हणाली, तुम्हीच करा, मला पापडाची घाई आहे. मी म्हटलं, नाव? ती म्हणाली, नाव माझंच, तुम्हीच दिलंत ना.

हरकत नाही. मोठी माणसं पडद्यामागून काम करतात. खड्डा पाडणं माझ्या डाव्या हातचा मळ. आजवर एकही चुकलेला नाही.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

मृणाली साजिरीला घेऊन कालपासून आली आहे, उद्या केक घेऊन सगळ्यांनी रोह्याला जायचं. दुपारी केक भट्टीत ठेवला. पहिल्या रीडिंगला उठणार तेवढ्यात साजिरी आली आणि मांडीवर बसली. बसली ती झोपली. माझं बोट मुठीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रीडिंग चुकत होती. पाय मुंग्यांनी भरला. चंद्रावतीला खूण केली, तू तरी दार उघडून बघ. ती ओटीजीच्या काचेसमोर उभी राहिली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून गच्चीवर निघून गेली.

घंटा वाजली. केक बाहेर काढला.

फुगलाय. मधोमध उंच, घुमटासारखा. वरून सोनेरी, कुठे तडा नाही. खड्ड्याचा पत्ता नाही. उद्या साखरपुडा.

रूट कॉज: मैदा दुसऱ्या दुकानातला होता. नाहीतर अशी बॅच माझ्या हातून होणं शक्य नाही.

काशीबाई मागच्या दाराने आल्या. केकभोवती फिरून फिरून बघितलं. म्हणाल्या, अरे देवा, ह्यो कोनी बिघडवला?

साजिरी अजून खांद्यावर झोपली होती. हळू आवाजात म्हटलं, मी.